या, बसा, पासवर्ड सांगा

आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला माणसं ओळखता येत नव्हती, याबद्दल माझी तक्रार नव्हती. मलाही ती पटकन ओळखता येत नाहीत. तक्रार होती ती त्याच्या तोंडाबद्दल. कजगावहून, कोळगावहून, गुढ्याहून कोणीही फाइल द्यायला आला की हा आधी इंग्रजीत आपली ओळख करून द्यायचा : '२२० प्रोएफटीपीडी सर्व्हर, प्रोएफटीपीडी डिफॉल्ट इन्स्टॉलेशन.' मग नाव विचारायचा, मग पासवर्ड. ना राम राम, ना 'या बसा', ना 'पाणी घ्या'. खान्देशात वसुलीला आलेल्या बँकवाल्यालाही आधी पाणी मिळतं, मग नकार. आमचा सर्व्हर थेट नकारावर यायचा.

कजगावच्या फोटोवाल्याने तर फोनच केला. "भाऊ, तुमच्या मशीनमध्ये हा डिफॉल्ट कोण बसलाय? मालक बदलला का?"

भडगावात आमचं पत्रिका, फ्लेक्स आणि बिलबुकांचं दुकान आहे. गाव गिरणेच्या काठी, तालुक्याचं ठिकाण. पण रेल्वे स्टेशन गावाला नाही. गाडी पकडायची तर कजगाव नाहीतर पाचोरा गाठायचं. त्यामुळे आमच्याकडे येणारी प्रत्येक वस्तू रस्त्याने येते, आणि रस्त्याने येणारी वस्तू कोणाच्या तरी खिशातून येते. गावोगावचे फोटोवाले आणि डीटीपीवाले आपलं काम पेनड्राइव्हमध्ये भरून काळी-पिवळीच्या ड्रायव्हरकडे द्यायचे. ड्रायव्हर तो खिशात टाकायचा. त्याच खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. पेनड्राइव्ह हातात आला की आम्ही आधी टाचणीने त्याच्या तोंडातला चुना काढायचो. चुना निघाला की आत शॉर्टकट व्हायरस. नवरदेवाचा फोटो उघडावा तर शॉर्टकट, नवरीचा उघडावा तर शॉर्टकट, मामांचा उघडावा तर तो मात्र स्वच्छ उघडायचा. एक पेनड्राइव्ह सीटखाली पडून पाचोऱ्याला गेला, तिथे कोणाच्या तरी शाळेच्या दप्तरात राहिला आणि परत आला तेव्हा त्यातल्या पत्रिकेवरचं लग्न लागून वऱ्हाड घरी पोचलं होतं.

म्हणून भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत अडगळीतल्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून एफटीपी सर्व्हर उभा करून दिला. भाचा पुण्याला हिंजवडीत असतो. त्यामुळे घरातल्या कोणत्याही विजेवर चालणाऱ्या वस्तूचं काय करायचं हे त्यालाच ठाऊक, असा आमच्याकडे समज आहे. मिक्सरसुद्धा त्याच्यासाठी थांबवून ठेवलेला असतो.

"मामा, पेनड्राइव्ह बंद. गावातून फाइल टाकतील, इथे पडेल."

"पण हा बोलतो किती तुटक रे!"

"तो असाच बोलतो. त्याच्या रक्तात आहे."

खरोखरच आहे. फाइल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर न्यायची ही रीत पहिल्यांदा कागदावर मांडली अभय भूषण यांनी. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले हे विद्यार्थी पुढे अमेरिकेत एमआयटीत गेले आणि १६ एप्रिल १९७१ रोजी 'आरएफसी ११४' या नावाने त्यांनी ही रीत लिहून काढली. म्हणजे सगळं आपल्या माणसाच्या हातचं. तरी त्यात 'पाणी घेता का' हा प्रश्न नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. कानपूरला काय पाहुण्याला पाणी विचारत नसतील? पुढे जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये 'आरएफसी ९५९' काढून ती पक्की केली, आणि सर्व्हर आजही त्याच बोलीत बोलतो. आधी तीन आकडे, मग शब्द.

आकड्यांचा अर्थ भाच्याने समजावला. २ ने सुरू झाला तर काम झालं. ३ ने झाला तर अजून काहीतरी द्या. ४ म्हणजे आत्ता नाही, नंतर या. ५ म्हणजे नाही म्हणजे नाही. मला हे इतकं ओळखीचं वाटलं की मी त्याला पुढचं सांगू दिलं नाही. जगातल्या कुठल्याही तालुका कचेरीचा कारभार या चार आकड्यांत बसतो. २ कधीतरी दिवाळी-दसऱ्याला दिसतो. ३ साठी झेरॉक्सवाला फाटकाबाहेरच बसलेला असतो. ४ म्हणजे साहेब मीटिंगला जळगावला गेलेत. आणि ५ म्हणजे तुमच्या सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव आहे. माणूस ५ ने शांत होतो, घरी जातो. खरा पिचतो तो ४ ने.

पण या आरएफसीत एक फार उदार वाक्य आहे. त्यात सांगितलंय की आकडा यंत्रासाठी आणि शब्द माणसासाठी. यंत्र शब्द वाचत नाही. २३० च्या पुढे तुम्ही 'या बसा' लिहा नाहीतर 'चालते व्हा' लिहा, ते आकडा बघून निमूट आत जातं. म्हणजे प्रत्येक आकड्याच्या पुढे एक मोकळी जागा, कोणाच्याही कामात न येणारी, फुकट. आपल्याकडे मोकळ्या जागेवर फ्लेक्स लागायला किती वेळ लागतो, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगू शकतो. एक रात्र पुरते.

"मामा, ते शब्द बदलता येतात," भाचा बॅग भरता भरता म्हणाला. "जोडणी झाल्यावर दाखवायची एक फाइल, आत आल्यावर दाखवायची एक, जाताना दाखवायची एक. साधी टेक्स्ट फाइल असते. दोन ओळी लिहायच्या."

आणि तो पुण्याच्या बसमध्ये बसला.

मला खरं तर एकच ओळ लिहायची होती : 'कोरलमधली अक्षरं कर्व्ह करून पाठवा.' धंद्याबाहेरच्यांना ही ओळ मंत्रासारखी वाटेल, म्हणून सांगतो. पत्रिका कोरलड्रॉमध्ये श्रीलिपीच्या फॉन्टात टाइप होते. गावातल्या फोटोवाल्याकडे एक फॉन्ट, आमच्याकडे दुसरा. अक्षरांचं रेषांमध्ये रूपांतर न करता फाइल पाठवली की आमच्या पडद्यावर 'चि. सौ. कां.' च्या जागी कंस, टक्के आणि डॉलर उगवतात. हुंडा घेत नाही असं खाली छापलेलं, आणि वर नवरीच्या नावात डॉलर. तेवढी एक ओळ दारातच वाचली गेली असती तर माझा अर्धा सीझन सुखात गेला असता.

मी ती टाइप करत होतो तेवढ्यात तात्या मागे येऊन उभे राहिले. तात्या म्हणजे माझे काका, दुकानाचे संस्थापक. ट्रेडल मशीन पायाने मारून आणि खिळे एकेक जुळवून त्यांनी हा धंदा उभा केला. त्यामुळे दुकानात कुठेही अक्षर उमटलं की ते आपल्या नजरेखालून जायला हवं, असा त्यांचा हक्क आहे.

"हे काय?"

"सर्व्हरवर आल्यावर दिसेल ते."

"देवाचं नाव कुठे आहे?"

"तात्या, हा सर्व्हर आहे."

"म्हणजे? सर्व्हरला देव नाही?"

याला उत्तर नव्हतं. पहिली ओळ '।। श्री गणेशाय नमः ।।' झाली. दुसरी 'सप्तशृंगी माता प्रसन्न'. देव आले म्हणजे पाठोपाठ माणसं येणारच. तिसऱ्या ओळीत संस्थापक, अर्थात तात्या. चौथ्या ओळीत प्रोप्रायटर, अर्थात मी. पण दुकानात चुलतभाऊ भागीदार आहे, त्याला हे कळायला चहा निवायचीही गरज लागली नाही.

"चौथ्या ओळीत माझं नाव पाहिजे. वयाने मी मोठा."

"जीएसटी माझ्या नावावर आहे."

"वय जीएसटीवर मोजतात का?"

शेवटी दोन्ही नावं एकाच ओळीत, मधे रेघ मारून बसवली. आणि कोण डावीकडे यावरून दोन दिवस दुकानात कोणी कोणाशी बोललं नाही. यात चुलतभावाच्या लहान मुलीने सुचवलं की पत्रिकेत असते तशी शेवटी किलबिल पाहिजे. 'आमच्या काकांच्या सर्व्हरवर यायचं हं!' याला विरोध करणारा माणूस अजून जन्मायचाय. किलबिलही गेली. हे सगळं झाल्यावर अक्षरं कर्व्ह करण्याची ओळ कुठे टाकायची, असं मी विचारलं. तात्या म्हणाले, "शुभ कार्यात सूचना नको."

गुढ्याच्या फोटोवाल्याने दुसऱ्या दिवशी आपल्या पडद्याचा फोटो काढून पाठवला. तो पाहून मी खुर्चीत बसलो. आमचं मंगलाचरण काय झालं होतं ते जरा जवळून सांगतो. यूटीएफ-८ नावाच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी तीन-तीन बाइट खातं. वाचणाऱ्या प्रोग्रामला हे ठाऊक नसलं की तो तीन बाइटची तीन वेगळी युरोपी अक्षरं करून मोकळा होतो. पहिलं नेहमी डोक्यावर तिरपी रेघ घेतलेलं इंग्रजी 'ए'. दुसरं चारी बाजूंनी काटे फुटलेलं एक वर्तुळ. हे म्हणे कुठल्याही चलनाचं चिन्ह. तिसरं जे येईल ते. इथवर ठीक. पण दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, पाय मोडलेलं अक्षर किंवा उभा दंड आला की दुसऱ्या जागी वर्तुळाऐवजी जपानी येन येतो. 'स्वागत' लिहिलं की एक येन. नावापुढे 'श्री' लावला की दोन. '।। श्री गणेशाय नमः ।।' या एका ओळीत, दोन्हीकडचे दंड धरून, सात येन. नावांची ओळ मोजायची माझी हिंमत झाली नाही.

तात्यांनी फोटो निरखून पाहिला. "हे सारखं सारखं काय येतंय?"

"येन. जपानी पैसा."

"आपल्या खात्यावर जमा होतो का?"

१९९९ सालीच 'आरएफसी २६४०' ने सांगून ठेवलंय की एफटीपीने जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरावं. पण गुढ्याचा फोटोवाला आरएफसी वाचत नाही, आणि त्याचा प्रोग्राम त्याच्या कॉम्प्युटरइतकाच वयस्क. मग ठरलं, मराठीच लिहायचं पण इंग्रजी अक्षरांत. लगेच 'श्री' चं स्पेलिंग एका 'आय' ने की दोन 'ई' ने, यावर चर्चा सुरू झाली. फ्लेक्स न्यायला आलेल्या एका पोराने अंकशास्त्र काढलं आणि सांगितलं की दोन 'ई' घातले तर धंदा वाढतो. घातले. नेलेल्या फ्लेक्सचे पैसे त्यानेच बुडवले.

याच सुमारास वकीलमामा आले. आमचे दूरचे मामा, कोर्टात असतात, आणि कोणताही मजकूर समोर आला की त्यात 'तथापि' नाही हे त्यांना खुपतं. स्वागताचा मजकूर पाहून ते गंभीर झाले.

"तू 'सुस्वागतम्' लिहिलंस?"

"हो."

"उद्या चोर आला आणि कोर्टात म्हणाला, मला बोलावलं होतं, तर?"

मी हसलो, पण भाच्याला फोन लावल्यावर कळलं की कॉम्प्युटरवाल्यांतही ही दंतकथा फार जुनी आहे. कुठेतरी म्हणे एक घुसखोर सुटला, कारण मशीनने त्याला 'वेलकम' म्हटलं होतं. कोर्ट कुठलं, साल कुठलं, हे कोणी सांगत नाही. दंतकथेला ते लागतही नाही. पण तेवढ्यावर जगभरच्या कंपन्यांनी दारातलं 'वेलकम' काढून धमकी लावली. वकीलमामांनी आमची धमकी लिहून दिली : 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, सदर सर्व्हरवर अनधिकृतपणे प्रवेश करणारा इसम माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधील कलम ४३ व ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास अथवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्हीस पात्र राहील. तथापि...' तथापिच्या पुढे अर्धं पान होतं. मामांनी ते काढू दिलं नाही, आणि तात्यांनी देवाचं नाव काढू दिलं नाही. परिणामी आमच्याकडे लग्नपत्रिकेची फाइल द्यायला आलेल्या माणसाला आधी गणपती, मग सप्तशृंगी, मग कारावास, मग दोन्ही मालक आणि शेवटी किलबिल, या क्रमाने दर्शन मिळू लागलं.

गप्प राहील तो भाचा कसला. त्याने पुण्यातून आत शिरून एक सोय करून दिली. आत आल्यावर दिसणाऱ्या फाइलमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि पुढे मोठा 'यू' लिहिला की त्या जागी येणाऱ्याचं नाव आपोआप पडतं. 'एन' लिहिला की सध्या आत किती जण आहेत ते पडतं. "प्रत्येकाला नावाने बोलावेल, मामा. आपलेपणा वाटेल."

आपलेपणा असा वाटला की कोळगावचा फोटोवाला मोटरसायकल काढून थेट दुकानात आला. कोळगावात दोन फोटोवाले, त्यांची खाती भाच्याने 'कोळगाव एक' आणि 'कोळगाव दोन' अशी उघडलेली. आजवर ती कोणाला दिसत नव्हती. आता पडदा म्हणत होता, 'नमस्कार, कोळगाव दोन.'

"भाऊ, आमचा धंदा दोन नंबरचा आहे का?"

"अरे, नुसता क्रमांक आहे तो."

"मग त्याला दोन करा."

त्याला दोन केला असता तर तोही मोटरसायकल काढून आला असता, पेट्रोलचा भाव काही असो. 'अ' आणि 'ब' करून पाहिलं; 'ब' वाला म्हणाला, आम्ही ब वर्गातले कसे? अखेर एकाचं नाव 'कोळगाव एक' ठेवलं आणि दुसऱ्याचं 'कोळगाव नंबर वन'. तेव्हापासून गावात शांतता आहे.

आत किती जण आहेत या आकड्याने मात्र शांतता घालवली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे दिवस. दोन्ही पॅनलचे फ्लेक्स आमच्याकडेच. छापखान्याला पक्ष नसतो, उधारी असते. एका पॅनलचा पोरगा फाइल टाकायला आत शिरला आणि पडद्यावर दिसलं, सध्या आत २. लगेच फोन.

"दुसरा कोन शे?"

"असेल कोणी पत्रिकावाला."

"पत्रिकावाला रातना बारा वाजता येस का? खरं सांगा, भो. त्यासना फ्लेक्स कितला मोठा शे?"

फाइल एकमेकांना दिसत नाही हे मी जीव तोडून सांगितलं. पटलं नाही. मग दोन्ही बाजूंची पोरं रात्री सर्व्हरवर नुसती येऊन बसू लागली. काही पाठवायचं नाही, फक्त आकडा बघायचा. आकडा वाढला की ज्याला त्याला वाटायचं समोरचा आला. प्रत्यक्षात समोरचाही आकडाच बघत असायचा. भाच्याने एकाच वेळी आत किती जण घ्यायचे याची मर्यादा घातली आणि मर्यादा भरली की संदेश द्यायचा असं ठरवलं. संदेश मीच लिहिला, 'गर्दी आहे, थोडं थांबा.' आमच्या सगळ्या साहित्यात हा एकच संदेश कोणीतरी मन लावून वाचला. कनाशीच्या एका गरीब फोटोवाल्याने तो वाचला आणि तो थांबला. हा संदेश देऊन सर्व्हर जोडणी तोडून मोकळा होतो, हे त्याला कुठलं ठाऊक! दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तो पडद्यासमोर बसून होता. बायकोने जेवायला हाक मारली तर म्हणाला, "थांब, त्यासनी बसाले सांगेल शे."

यापुढची पायरी म्हणजे फोल्डर. प्रत्येक फोल्डरसाठी वेगळा संदेश ठेवता येतो. त्या फोल्डरात पाय टाकला की दिसतो. हे कळल्यावर चुलतभावाच्या अंगात कवी आला. 'लग्न' मध्ये शुभमंगल सावधान, 'वाढदिवस' मध्ये लाख लाख शुभेच्छा, 'सत्कार' मध्ये हार्दिक अभिनंदन. आखाजीला त्याने सगळीकडे आखाजीच्या शुभेच्छा टाकल्या, त्या पोळ्यापर्यंत तिथेच होत्या. आणि प्रत्येक संदेशाच्या शेवटी, धंद्याची सवय म्हणून, 'सेवेची पुन्हा संधी द्या.' आता आमच्याकडे 'गंधमुक्ती' नावाचंही एक फोल्डर आहे. घरात माणूस गेला की गंधमुक्तीच्या आणि उत्तरकार्याच्या पत्रिका निघतात, त्या तिथे येतात. त्या फोल्डरात एका घरचा जावई फाइल टाकायला गेला आणि त्याला आमच्या सर्व्हरने सेवेची पुन्हा संधी मागितली.

त्याने फोन केला नाही. पत्रिका पाचोऱ्याहून छापल्या.

निरोपाचा संदेश मात्र मी जीव ओतून लिहिला होता. खान्देशात निघतो म्हटल्यावर निघत नसतात. ओट्यावर एकदा, फाटकाशी एकदा, गाडीला किक मारल्यावर एकदा, अशा तीन मुक्कामांनी माणूस घराबाहेर पडतो. त्या इतमामाला शोभेल असा मजकूर २२१ च्या पुढे ठेवला. तो आजतागायत कोणीही पाहिलेला नाही. कारण निरोप मिळण्यासाठी आधी आपण रीतसर 'निघतो' असं सर्व्हरला कळवावं लागतं, आणि आमचे सगळे पाहुणे कोपऱ्यातली फुली दाबून पळतात.

मग हे वाचतं तरी कोण? हा प्रश्न मला एका लोडशेडिंगच्या संध्याकाळी पडला आणि वीज आल्यावर मी सर्व्हरची नोंदवही उघडली. दिवसा आमची गावं. रात्री मात्र जत्रा. कुठल्या कुठल्या देशांतून, दर काही सेकंदाला कोणीतरी दारात येतंय. 'ॲडमिन' नावाने एक, 'टेस्ट' नावाने एक, 'रूट' नावाने तर रांगच. पासवर्ड एक दोन तीन चार पाच सहा. ५३०. पुन्हा. ५३०. भाचा म्हणाला, यात माणूस नाही; यंत्रं आहेत, जगभरचे दरवाजे ठोठावत फिरतात, उघडा सापडला की शिरायचं. म्हणजे आमचा गणपती, सप्तशृंगी, दोन्ही मालक आणि किलबिल यांचं सगळ्यात जास्त पारायण या चोरांनी केलं होतं, आणि तेही आकडा तेवढा पाहून, शब्दाला हात न लावता. कलम ४३ आणि ६६ चा त्यांच्यावर काही परिणाम झालेला दिसला नाही.

तात्यांना मी हे सांगितलं. ते खूश.

"बाहेरदेशाचे लोक येतात? रात्रीचे?"

"तात्या, चोर आहेत ते."

"असू दे. नाव तर वाचून जातात ना!"

नकाराचा मजकूरही बदलता येतो असं कळल्यावर कजगावच्या फोटोवाल्याने ५३० साठी अहिराणीत एक ओळ सुचवली आणि ती मी कोणालाही न विचारता टाकली : 'कोन शे भो तू? घर चुकना का?' आमच्या सर्व्हरचं हे एकमेव वाक्य मला खरोखर आवडतं. पहाटेपर्यंत ते जगातल्या अनोळखी यंत्रांना ऐकवलं जातं. आमचेच फोटोवाले पासवर्ड विसरतात तेव्हा त्यांनाही ऐकू येतं, आणि तेवढ्यापुरतं ते हसतात. एरवीच्या सगळ्या मजकुरावर कोणी ओठ हलवल्याचं ऐकिवात नाही.

आता या सगळ्याला उतरती कळा आहे. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरनी एफटीपीचा दरवाजाच काढून टाकला. सर्व्हर चालू आहे, पण येणारे कमी झाले. पोरं व्हॉट्सॲपवर पाठवतात. तिथे स्वागत नाही, कारावास नाही, डावी-उजवी बाजू नाही, म्हणून तात्यांचा त्यावर विश्वास नाही. माझा आहे, पण एका अटीवर. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं. हातातल्या मोबाइलवर तो छान दिसतो. वीस फुटी फ्लेक्सवर ताणला की नवरदेवाच्या नाकाचे चौकोन होतात आणि शिव्या आम्ही खातो. लग्नसराई तोंडावर आहे, म्हणून हात जोडून सांगतो. फोटो पाठवायचा तर फोटो म्हणून पाठवू नका. पिनेच्या चिन्हावर बोट ठेवा, 'डॉक्युमेंट' निवडा, मग पाठवा. पत्रिकेची कोरल फाइल असेल तर अक्षरं कर्व्ह करा. आणि प्रूफ आलं की किलबिल सोडून बाकीचंही एकदा वाचा.